पॅट्रिक मॅक्गिल: खंदकात बसून युद्ध लिहिणारा आयरिश मजूर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पॅट्रिक मॅक्गिल यांच्या पुस्तकांविषयी मी लिहू लागल्यापासून वाचकांची पत्रे येत राहिली आहेत, आणि त्यांतले बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. प्रत्येकाला तेच उत्तर निराळे लिहिण्यापेक्षा ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजावे असा प्रयत्न आहे. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे पॅट्रिक मॅक्गिल नेमके कोण?

आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डॉनेगल परगण्यातील ग्लेंटीज या गावाजवळ जन्मलेले, लहानपणीच मजुरीसाठी स्कॉटलंडला गेलेले, रेल्वेच्या रुळांवर आणि धरणाच्या बांधकामावर राबलेले आणि पुढे कवी व कादंबरीकार झालेले हे लेखक. पहिले महायुद्ध सुरू होताच ते लंडन आयरिश रायफल्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले, लूसच्या लढाईत स्ट्रेचरवाहक, म्हणजे जखमींना उचलून मागे नेणारे, होते, आणि जे पाहिले ते त्यांनी तेथल्या तेथे लिहून काढले. पहिल्या महायुद्धातील इंग्रजी लेखनाचा विषय निघाला की अधिकारी-कवींची नावे आधी घेतली जातात. शिपायाच्या जागेवरून, आणि तेही वर्षानुवर्षे फावडे चालवलेल्या माणसाच्या नजरेतून, युद्ध दाखवणारे लेखक फार थोडे आहेत, आणि त्यांत मॅक्गिल यांना मी फार वरचे स्थान देतो.

२. त्यांना 'नॅव्ही कवी' म्हणतात, म्हणजे ते नौदलात होते का?

नाही, आणि हा गैरसमज आपल्या लिपीमुळे होतो. देवनागरीत 'नॅव्ही' लिहिले की नौदल आणि हा शब्द सारखेच दिसतात, पण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. अठराव्या शतकात जलवाहतुकीचे कालवे खोदणाऱ्या मजुरांना 'नॅव्हिगेटर' म्हणत. त्याचे छोटे रूप 'नॅव्ही' झाले आणि पुढे कालवे, लोहमार्ग, बोगदे आणि धरणे यांवर कुदळ-फावड्याने काम करणाऱ्या सगळ्यांनाच ते लागू झाले. मराठीत यासाठी 'बेलदार' किंवा 'वडार' वापरावे असे काहींनी सुचवले. परंतु ती आपल्याकडे समाजांची नावे आहेत आणि त्यांचा स्वतःचा इतिहास आहे, म्हणून मी सरळ 'खोदकामगार' असे लिहितो.

३. त्यांनी गाव का सोडले?

एका शब्दात सांगायचे तर भाड्यामुळे. डॉनेगलमधील शेते लहान, जमीन खडकाळ, आणि जमीनदाराचे भाडे, दुकानदार-सावकाराची उधारी व चर्चला द्यायची वर्गणी हे तिन्ही भागवण्याइतके त्या शेतात पिकत नसे. मॅक्गिल अकरा भावंडांतील एक. शाळा त्यांनी दहा-बारा वर्षांचे असतानाच सोडली आणि पूर्वेकडच्या सुपीक भागात शेतगडी म्हणून राहण्यासाठी ते स्ट्रॅबेनच्या मजूर-बाजारात उभे राहिले. हा बाजार खरोखरच गुरांच्या बाजारासारखा असे: मुले ओळीने उभी राहत, शेतकरी त्यांचे दंड चाचपून पाहत आणि सहा महिन्यांचा सौदा ठरे. त्यानंतर काही वर्षांतच बटाटे काढणाऱ्या टोळीबरोबर ते स्कॉटलंडला गेले. अशा टोळ्यांत बायका, मुली आणि पोरगेलेसे मुलगे असत, वर एक मुकादम असे, आणि रात्री झोपायला गोठा किंवा डुकरांची रिकामी खोपटी मिळे.

त्यांच्या कादंबऱ्यांतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गावातील बायका व्यापाऱ्याकडून लोकर आणून घरी मोजे विणतात. त्यासाठी थंडीत मैलोन्‌मैल अनवाणी चालत जावे लागते, आणि दिवसभराच्या विणकामाची मजुरी हातावर पडते ती जेमतेम पेनीभर. युद्धाच्या पुस्तकांतील त्यांचा संताप समजून घ्यायचा असेल तर आधी हे मोजे लक्षात ठेवावे लागतात.

४. इतके कमी शिकलेला मजूर लेखक कसा झाला?

रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत असताना त्यांनी मिळेल ते वाचण्याचा सपाटा लावला आणि कविता लिहायला सुरुवात केली. त्याआधी ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात किनलॉखलेव्हनजवळच्या ब्लॅकवॉटर धरणावर होते. अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी १९०५ ते १९०९ या काळात बांधलेले हे धरण जवळजवळ एक किलोमीटर लांब असून त्याचा फार मोठा भाग माणसांच्या हातांनी उभा राहिला. तेथे काम करताना मेलेल्या मजुरांची लहानशी दफनभूमी आजही धरणाजवळ आहे. थडग्यांवरचे दगड सिमेंटचे आहेत, आणि एकावर नावाच्या जागी फक्त 'अज्ञात' अशा अर्थाचे शब्द आहेत.

मॅक्गिल यांनी आपला पहिला कवितासंग्रह स्वतः छापून घेतला आणि दारोदार फिरून विकला. त्याची वार्ता लंडनपर्यंत पोहोचली आणि १९११ मध्ये त्यांना 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्रात नोकरी मिळाली. ती फार दिवस टिकली नाही. पुढे विंडसर येथील कॅनन जॉन डाल्टन या धर्मगुरूंनी त्यांना तेथील ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांच्या कामावर घेतले. हे डाल्टन राजे पाचवे जॉर्ज यांचे लहानपणीचे शिक्षक. डुकरांच्या खोपटीतून राजवाड्याच्या आवारापर्यंतचा हा प्रवास वयाच्या पंचविशीच्या आत झाला. विंडसरला असतानाच, १९१४ मध्ये, मजुरांच्या जीवनावरची त्यांची पहिली कादंबरी 'चिल्ड्रेन ऑफ द डेड एंड' प्रसिद्ध झाली आणि हातोहात खपली. डॉनेगलमधल्या धर्मगुरूंना मात्र ती मुळीच रुचली नाही.

५. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग होता. मग त्यांना 'स्थलांतरित' म्हणणे बरोबर आहे का?

कायद्याच्या दृष्टीने शंका रास्त आहे. आयरिश स्वतंत्र राज्य १९२२ मध्ये अस्तित्वात आले. त्यापूर्वी डॉनेगलहून ग्लासगोला जाणारा माणूस एकाच राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जात होता. परंतु समुद्र ओलांडून जाणे, बोलण्याच्या ढंगावरून आणि कॅथलिक धर्मावरून ओळखले जाणे, सर्वांत हलके काम वाट्याला येणे आणि कमाईतला मोठा हिस्सा घरी पाठवावा लागणे, हे सारे परक्या देशात गेलेल्या माणसाचेच अनुभव आहेत. शिवाय १९३० मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा ते कायद्याच्याही अर्थाने स्थलांतरित झाले (प्रश्न १३ पाहावा).

६. इंग्लंडविषयी आयरिश माणसाच्या मनात राग असताना ते ब्रिटिश सैन्यात कसे गेले?

हा सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे आणि त्यामागे बहुधा एक समजूत असते, की खरा आयरिश माणूस त्या गणवेशात शिरलाच नसता. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धात २ लाखांहून अधिक आयरिश माणसे ब्रिटिश सैन्यात होती. आयर्लंडला स्वतःचे विधिमंडळ देणारा कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये मंजूर होऊन लगेच युद्धापुरता स्थगित झाला होता. आयरिश पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी त्याच महिन्यात आपल्या स्वयंसेवकांना युद्धात उतरण्याचे आवाहन केले. ईस्टरचे बंड, म्हणजे डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेला उठाव, १९१६ मधले आहे. त्या बंडानंतर बदललेल्या मनःस्थितीचे माप १९१४ मधल्या माणसाला लावणे अन्यायाचे आहे.

मॅक्गिल यांच्यापुरते पाहिले तर भरतीच्या वेळी ते लंडनच्या परिसरात राहत होते आणि ज्या पलटणीत गेले ती लंडनमधल्या आयरिश लोकांसाठी एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली हौशी सैनिकांची पलटण होती. आपल्या पहिल्या युद्धपुस्तकाच्या सुरुवातीला ते स्वतःविषयी एवढेच सांगतात, की वर्षापूर्वी ज्यांना लष्करी आयुष्याची काहीही ओढ नव्हती आणि युद्ध जाहीर झाल्यावर जे भरती झाले अशा दहा लाखांहून अधिक माणसांपैकी मी एक. देशभक्तीचे भाषण तेथे नाही, आणि ते नसणे मला महत्त्वाचे वाटते.

७. युद्धावरची त्यांची पुस्तके कोणती आणि कोणत्या क्रमाने वाचावीत?

'द अॅमॅचर आर्मी' (१९१५) हे सेंट ऑल्बन्स येथील प्रशिक्षणावर आहे, 'द रेड होरायझन' (१९१६) हे आघाडीवरच्या पहिल्या महिन्यांवर, आणि 'द ग्रेट पुश' (१९१६) हे लूसच्या लढाईवर. घटनाक्रमही हाच आहे. पण वाचकाने 'द रेड होरायझन'पासून सुरुवात करावी असे मी सुचवतो, कारण बिल टीक हा लंडनच्या गल्लीबोळांतला तोंडाळ सोबती आणि तुकडीतली इतर माणसे तेथे नीट भेटतात, आणि पुढच्या पुस्तकात त्यांचे काय होते याची मग खरी धास्ती वाटते. या पुस्तकाला व्हायकाउंट एशर यांनी पत्ररूपाने प्रस्तावना लिहिली आहे, आणि ते पत्र 'पॅट्रिक मॅक्गिल, रायफलमन क्रमांक ३००८' यांना उद्देशून आहे. उमरावाने शिपायाला त्याच्या क्रमांकासह लिहिलेले हे पत्र त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ सांगून जाते.

१९१७ मध्ये 'सोल्जर साँग्ज' हा कवितासंग्रह आणि 'द ब्राउन ब्रेदरन' हे पुस्तक आले. पुढच्या पुस्तकांपैकी कमी वाचली जाणारी पण गंभीर अशी 'फिअर!' ही युद्धकादंबरी आणि 'सस्पेन्स' हे १९३० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेले नाटक यांची नावे घ्यायला हवीत. नाटकातल्या शिपायांना आपल्या खंदकाखाली शत्रू सुरुंगासाठी खोदत असल्याचे आवाज ऐकू येतात. आयुष्याची उमेदीची वर्षे जमीन खोदण्यात घालवलेल्या माणसाने पायांखालच्या खोदकामाच्या भीतीवर नाटक रचावे, यात मला योगायोग दिसत नाही.

८. त्यांनी खरोखर खंदकात बसून लिहिले, की ही प्रकाशकाने पसरवलेली कथा आहे?

'द ग्रेट पुश'च्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतः तपशील दिला आहे. बहुतेक प्रकरणे घटनास्थळीच लिहिली गेली. मोठ्या हल्ल्यापूर्वीच्या ले ब्रेबी गावातील रात्रीचे प्रकरण २५ सप्टेंबर १९१५ च्या मध्यरात्री ते पहाट या वेळात खंदकात लिहिले. शेवटचे प्रकरण जखमी झाल्यानंतर दोन दिवसांनी, व्हर्सायच्या रुग्णालयात. मजकुरावरूनही हे पटते. वाक्ये आखूड आहेत, काळ अधूनमधून बदलतो, आणि एखाद्या मित्राचा मृत्यू दोन ओळींत संपतो, कारण पुढच्या क्षणी दुसरे काम समोर असते. वर्षांनंतर आठवून लिहिणारा लेखक तेथे थांबला असता.

९. लूसच्या लढाईत त्यांनी नेमके काय केले?

ही लढाई २५ सप्टेंबर १९१५ रोजी उत्तर फ्रान्सच्या कोळसा-खाणींच्या प्रदेशात सुरू झाली. सपाट माळ, खाणीतून निघालेल्या मातीदगडांचे काळे डोंगर, आणि लूस गावात उंच लोखंडी मनोऱ्यांची एक जोडी, जिला शिपायांनी 'टॉवर ब्रिज' असे लंडनचे नाव दिले होते. ब्रिटिश सैन्याने विषारी वायू पहिल्यांदा वापरला तो याच लढाईत. पहाटे ५.५० ला सिलिंडर उघडले, आणि वारा पुरेसा नसल्याने काही ठिकाणी तो वायू, म्हणजे क्लोरीन, स्वतःच्याच शिपायांवर उलटला. ६.३० ला पायदळ बाहेर पडले. लंडन आयरिश रायफल्स ही ४७ व्या डिव्हिजनमधली, आघाडीच्या दक्षिण टोकाची पलटण. तिने ठरवलेले खंदक घेतले. एकूण लढाई मात्र फसली आणि ब्रिटिश सैन्याचे ५० हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन याच लढाईत गेला.

मॅक्गिल यांच्याकडे बंदूक नव्हती, स्ट्रेचर होते. माझ्या मते त्यांच्या पुस्तकाचे सारे वेगळेपण या एका गोष्टीत आहे. हल्ला करणारा शिपाई पुढे जातो आणि त्याला मागे पडलेली माणसे दिसत नाहीत. स्ट्रेचरवाहक मात्र त्याच रस्त्याने येतो आणि त्याला फक्त पडलेलीच माणसे दिसतात. कोणाला उचलायचे आणि कोणाला आता उचलून उपयोग नाही, हा निर्णय त्याला चालता चालता घ्यावा लागतो. जर्मन जखमीही त्याच चिखलात असतात आणि तेही पाणी मागतात. मजुरीच्या काळात ओझी वाहिलेले खांदे येथे पुन्हा ओझे वाहतात, आणि मॅक्गिल ते कामाच्याच भाषेत लिहितात: किती अंतर, कसली वाट, पाय कोठे रुतला, पट्टी किती पुरली. शौर्य हा शब्द त्यांना क्वचितच लागतो. पुढच्या महिन्यात, ऑक्टोबर १९१५ मध्ये, त्यांच्या हाताला गोळी लागली आणि त्यांची आघाडीवरची सेवा तेथे संपली.

१०. शिपाई फुटबॉल लाथाडत शत्रूवर चालून गेले, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. लंडन आयरिशच्या फ्रँक एडवर्ड्स या शिपायाने चेंडू सोबत नेला आणि हल्ल्याच्या वेळी तो खंदकापुढे टाकला. एडवर्ड्स जखमी झाले पण वाचले. तो चेंडूही वाचला आणि पलटणीच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. या गोष्टीची नंतर पुष्कळ वीरगाणी झाली.

मॅक्गिल यांनी ती पाहिली आणि लिहिली, पण त्यांच्या पुस्तकात चेंडू दुसऱ्यांदाही दिसतो. ते जर्मन तारेच्या कुंपणापाशी पोहोचतात तेव्हा आजूबाजूला मेलेले आणि मरणारे आहेत, आणि तारेवर चामड्याचा एक हवा गेलेला लिबलिबीत गोळा लटकतो आहे. तोच पोरांनी मैदानभर लाथाडत आणलेला चेंडू. ते यावर भाष्य करीत नाहीत. वीरगाण्यांमध्ये हा दुसरा चेंडू सहसा गाळला जातो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवत आहे.

११. ते युद्धाच्या बाजूचे होते की विरोधात?

वाचकांना एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि ते देता येत नाही. 'द ग्रेट पुश'च्या प्रस्तावनेत, संगिनीच्या हल्ल्यातून जिवंत परतलेल्या माणसाला, माणसे मारून आणि लुळीपांगळी करून साधल्या जाणाऱ्या कार्याच्या न्याय्यतेविषयीच शंका वाटू लागते, असे ते स्पष्ट लिहितात. १९१६ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, हे छापून येणे साधी गोष्ट नव्हती. पण दुसऱ्या बाजूला, जखमी झाल्यानंतर त्यांनी लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या 'एमआय-७ बी' या प्रचारलेखन विभागात काम केले. अनेक नामवंत लेखक तेथे होते.

हा तपशील कळल्यावर काही वाचक निराश होतात. मला वाटते तो लपवू नये आणि फुगवूही नये. जखमी शिपाई लष्कराच्या हुकमाखालीच असतो, आणि आघाडीऐवजी टेबलावर काम मिळाले तर ते नाकारण्याची मुभा त्याला फारशी नसते. पण त्या काळातले त्यांचे लेखन 'द ग्रेट पुश'च्या शेजारी ठेवले तर धार कमी झालेली दिसते, हेही खरे आहे.

१२. लूसच्या आसपास भारतीय, विशेषतः मराठी सैनिक होते का?

भारतीय सैनिक नक्कीच होते. त्याच २५ सप्टेंबरला, ला बासे कालव्याच्या उत्तरेला, मीरत डिव्हिजनने शत्रूचे लक्ष वेधण्यासाठी दुय्यम हल्ला केला. गुरखा पलटणीचे कुलबीर थापा यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्या दिवसाच्या पराक्रमासाठी. पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंता दलाचे सैनिक, त्याआधीच या भागात लढले होते: २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल येथे तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांची अतोनात हानी झाली. मराठा पायदळाच्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन तेथल्या कूट या गावाच्या वेढ्यात अडकल्या. मॅक्गिल यांच्या पुस्तकांत मराठी माणसाचा शोध घेणाऱ्यांनी मात्र फार आशा बाळगू नये. त्यांचे जग म्हणजे स्वतःची तुकडी आणि तिच्यासमोरची काही शे यार्ड जमीन.

१३. युद्धानंतर त्यांचे काय झाले?

नोव्हेंबर १९१५ मध्ये, जखम पुरती भरली नव्हती तेव्हाच, कादंबरीकार मार्गारेट गिबन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या. १९३० मध्ये कुटुंब अमेरिकेला गेले आणि नेमके महामंदीत सापडले. पुस्तके खपेनाशी झाली, पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर साथ देईना, आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर येथे त्यांचे निधन झाले. ज्या ग्लेंटीजमध्ये त्यांच्या कादंबऱ्यांवर टीका झाली होती तेथे आता पुलाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि १९८१ पासून त्यांच्या नावाने उन्हाळी परिषद भरत आली आहे.

१४. जन्मवर्ष कोठे १८८९, कोठे १८९०, तर कोठे १८९१ दिसते. आणि कादंबरीतला डर्मॉड फ्लिन म्हणजे तेच का?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून एकत्र घेतो. आज २४ डिसेंबर १८८९ ही तारीख स्वीकारली जाते. इतर वर्षे जुन्या परिचयांतून चालत आली. 'चिल्ड्रेन ऑफ द डेड एंड'चा नायक डर्मॉड फ्लिन याचा प्रवास मॅक्गिल यांच्या प्रवासाशी पुष्कळ जुळतो, आणि आपण स्वतःचेच आयुष्य लिहिले असा लेखकाचा सूरही आहे, तरीही ती कादंबरीच आहे. तिच्यातील वये, गावांची नावे आणि माणसे चरित्रातला पुरावा म्हणून वापरू नयेत. प्रश्न ३ मध्ये मी कादंबरीतला तपशील घेतला तेथे तसे सांगितले आहे. युद्धाच्या पुस्तकांतील सोबत्यांची नावेही पलटणीच्या नोंदींत जशीच्या तशी सापडतीलच असे धरून चालू नये.

१५. मला एखादे पुस्तक मराठीत अनुवादित करायचे आहे. परवानगी लागेल का?

भारतात प्रसिद्ध करणार असाल तर नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. मॅक्गिल १९६३ मध्ये वारले, म्हणजे ती मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. 'द अॅमॅचर आर्मी', 'द रेड होरायझन' आणि 'द ग्रेट पुश' यांचा मूळ मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. नव्या आवृत्त्यांना इतरांनी जोडलेल्या प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठे यांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात, म्हणून अनुवादासाठी जुनीच आवृत्ती समोर ठेवावी. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हीच मुदत ७० वर्षांची आहे. तेथील मराठी वाचकांसाठी छापील प्रती त्या देशांत विक्रीला ठेवायच्या असतील, तर २०३३ अखेरपर्यंत हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल.